यंत्र साहेबांचे, दोष सेविकेचा!

जुन्नर तालुक्यातील कुकडीकाठचे बोरी बुद्रुक हे गाव पुरातत्त्वज्ञांच्या जगात चांगलेच परिचित आहे. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील संशोधकांनी बोरीच्या नदीकाठच्या थरांत ज्वालामुखीची राख आणि त्याच परिसरात अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे शोधून काढली. ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, की त्याहून कितीतरी प्राचीन, याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ वाद चालू आहे. एका गोष्टीविषयी मात्र वादाला जागा नाही. ती हातकुऱ्हाड ज्याने घडविली, त्याने ती आपल्या मुठीत बसेल अशी घडविली. हत्यार हाताच्या मापाने घडवायचे असते, हात हत्याराच्या मापाने छाटायचा नसतो, हे या भूमीवरच्या आदिमानवालाही कळत होते. संगणकयुगातील शासकीय कचेऱ्यांना मात्र ते अद्याप उमगलेले दिसत नाही.

बोरी बुद्रुकसारख्या कोणत्याही गावात आज शासन म्हणजे चार-पाच माणसे असतात. तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, विकास सोसायटीचा सचिव. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या प्रत्येकाच्या हाती वरून एकामागून एक यंत्रे आली. प्रारंभी संगणक आला, मग लॅपटॉप, मग भ्रमणध्वनी आणि आता नित्य नवे ॲप. काम अडले की वातानुकूलित सभागृहातील बैठकांतून एकच निदान ऐकू येते : ‘खालच्या कर्मचाऱ्यांना तंत्रज्ञानाची भीती वाटते. त्यांची मानसिकता बदलली पाहिजे.’ शहरी मध्यमवर्गालाही हे निदान पटते, कारण ते सोयीचे आहे. दोष एकदा सेविकेच्या माथी मारला की ॲप बनविणारा, ते विकत घेणारा आणि त्याचा हुकूम काढणारा, असे तिघेही निर्दोष सुटतात.

या निदानाची चिकित्सा झालीच पाहिजे. ते चुकीचे आहे, आणि चुकीच्या निदानाची किंमत शेवटी गावातील बालक आणि शेतकरी मोजत आहेत.

अर्धेच वाचलेले शास्त्र

कर्मचाऱ्यांच्या संगणकभयाचा अभ्यास पाश्चात्त्य देशांत १९८० च्या दशकापासून होत आहे. १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस या अमेरिकी अभ्यासकाने कर्मचारी नवे तंत्रज्ञान का स्वीकारतात आणि का नाकारतात, याची जी मीमांसा मांडली ती आजही व्यवस्थापनाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात शिकविली जाते. तिचे सार दोन प्रश्नांत सांगता येते. हे यंत्र माझ्या कामाला उपयोगी पडते, असे त्या माणसाला वाटते काय? आणि ते वापरणे सोपे आहे, असे त्याला वाटते काय? या दोन्ही प्रश्नांचा रोख माणसाइतकाच यंत्राकडे आहे. आपल्या प्रशासनाने त्यातील भय तेवढे उचलले, कारण त्याचे खापर कर्मचाऱ्यावर फोडता येते. उपयुक्तता आणि सुलभता मात्र सोडून दिली, कारण त्यांचा जाब खरेदी करणाऱ्याला द्यावा लागतो.

ऑगस्ट २०२१ : फोन परत का केले?

याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राने ऑगस्ट २०२१ मध्ये पाहिले. राज्यातील हजारो अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले भ्रमणध्वनी प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. वरवर पाहणाऱ्याला हा तंत्रज्ञानविरोधाचा कळस वाटला असेल. वस्तुस्थिती नेमकी उलट होती.

पोषण अभियानाखाली हे फोन २०१९ च्या सुमारास वाटले गेले. दोन जीबी स्मृतीचे ते उपकरण वाढत्या माहितीच्या ओझ्याखाली गुदमरू लागले. ते तापे, मध्येच थिजे, भरलेली माहिती गिळून टाकी. हमीची मुदत संपल्यावर दुरुस्तीचा हजारोंचा खर्च सेविकेच्याच पदरातून होऊ लागला. तिचे मासिक मानधन तेव्हा किती होते? अवघे ८,३२५ रुपये. अशातच मार्च २०२१ पासून पूर्वीच्या, मराठीत चालणाऱ्या प्रणालीऐवजी केंद्राचे ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले आणि त्याने सेविकेपुढे इंग्रजीची भिंत उभी केली. जिने वर्षानुवर्षे दहा-अकरा नोंदवह्या सुवाच्य मराठीत लिहिल्या, वाडीवरच्या प्रत्येक गरोदर भगिनीचा महिना आणि प्रत्येक बालकाचे वजन जिला मुखोद्गत, ती सेविका एका रात्रीत ‘अडाणी’ ठरली. काम न केल्यास मानधन कापण्याची टांगती तलवार वेगळीच.

भीती असती तर दोन वर्षे ते फोन कपाटात पडून राहिले असते. या भगिनींनी ते वापरले, घासून वापरले, स्वतःचे पैसे घालून दुरुस्त केले आणि वापरूनच त्यांतील दोष शोधले. मग संघटितपणे सांगितले की चांगला फोन द्या, मराठी ॲप द्या, काम करून दाखवतो. संघटना मुंबई उच्च न्यायालयातही गेल्या. जगातील कोणताही उत्पादक असा अनुभवी ग्राहक मिळाला तर त्याचे आभार मानील. येथे त्याला कारवाईची धमकी मिळाली.

आज हेच ॲप मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे, आणि त्याचे स्वागत केलेच पाहिजे. पण जे नंतर जमले ते पहिल्या दिवशी का जमले नाही? एका लाखाहून अधिक अंगणवाड्या असलेल्या राज्यात, निर्णय घेण्यापूर्वी एखाद्या गावातील पाच सेविकांपुढे तो फोन ठेवून ‘ताई, हे भरून दाखवा बरे’ एवढे म्हणायला किती खर्च आला असता?

प्रश्न केवळ सेविकेच्या मानापमानाचा नाही. वजनाची नोंद चुकली तर कुपोषित बालक कागदोपत्री सुदृढ ठरते आणि त्याच्यापर्यंत पोहोचणारा आहार, औषध, तपासणी सारे थांबते. इंग्रजी रकाना न कळल्याने झालेली चूक यंत्राला दिसत नाही, पण ती त्या बालकाच्या देहावर उमटते. धडा मिळूनही घाई संपलेली नाही. १ जुलै २०२५ पासून घरी न्यावयाच्या आहारासाठी लाभार्थी मातेचा चेहरा ॲपवर ओळख पटवून घेणे आवश्यक करण्यात आले. गळती रोखण्याचा हेतू योग्यच. परंतु डोंगरकपारीतील ज्या वाडीवर नेटवर्कच पोहोचत नाही, जेथे घरातील एकमेव फोन पोटापाण्यासाठी परगावी गेलेल्या नवऱ्याजवळ आहे, तेथे त्या फोनवर आलेला सांकेतिक क्रमांक सेविकेने कोठून आणायचा? आणि समोर तान्हे मूल घेऊन उभ्या असलेल्या मातेला कोणत्या तोंडाने परत पाठवायचे?

भाषेची सबब चालणार नाही

मराठीत प्रणाली करणे तांत्रिकदृष्ट्या कठीण होते, ही सबब तर महाराष्ट्रात कोणीही सांगू नये. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम’ हा महासंगणक सिद्ध केला. त्याच संस्थेने ‘जिस्ट’ तंत्राद्वारे भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर आणल्या. भारतीय लिप्यांसाठीचे ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक १९९१ चे आहे. म्हणजे सेविकेच्या हाती इंग्रजी ॲप पडले, तेव्हा संगणकाला देवनागरी शिकवून तीस वर्षे होऊन गेली होती. अभाव इच्छेचा होता.

ज्या जुन्नर तालुक्यातील शिवनेरीवर १६३० मध्ये श्रीशिवछत्रपतींचा जन्म झाला, तेथे तर हे अधिकच बोचले पाहिजे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करवून घेतला आणि कारभारात रुळलेल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. रणांगणात गुंतलेल्या राजाला शब्दकोशाची उठाठेव कशासाठी, असे तेव्हाही कोणी म्हटले असेल. परंतु राज्य आपले झाले तरी कारभाराची भाषा परकी राहिली तर राज्यकर्ता आणि रयत यांच्यामध्ये दुभाषा कायमचा बसतो, हे महाराजांनी ओळखले होते. आज तो दुभाषा ॲपच्या रूपाने गावागावांत बसला आहे.

सक्तीने प्रमाणपत्र मिळते, आत्मविश्वास नाही

‘प्रशिक्षण दिले की’, असा युक्तिवाद पुढे येईल. प्रशिक्षणाचा इतिहासही तपासून पाहावा. २००१ पासून महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याने खेड्यापाड्यांतील लक्षावधी तरुणांना संगणकाची पहिली ओळख करून दिली, हे त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु शासकीय सेवकांच्या बाबतीत त्याचे रूपांतर दंडुक्यात झाले. ठरावीक मुदतीत प्रमाणपत्र आणा, नाहीतर वेतनवाढ रोखू आणि दिलेली वसूल करू, असा खाक्या सुरू झाला. डिसेंबर २००७ ची मुदत हुकलेल्या कित्येक शिक्षकांना पुढे वर्षानुवर्षे वसुलीच्या नोटिसांना तोंड द्यावे लागले. पन्नाशीकडे झुकलेल्या गुरुजींनी परीक्षा दिली, प्रमाणपत्र सेवापुस्तकाला जोडले आणि संगणकाला हात लावायचे काम पुन्हा एखाद्या तरुण सहकाऱ्याकडे सोपविले. शिक्षेच्या छायेत शिकलेली विद्या परीक्षेपुरतीच टिकते. ज्या गुरुजींनी ‘छडी लागे छमछम’चे युग संपविले, त्यांनाच शासनाने छडीने संगणक शिकवावा, यापरता विरोधाभास कोणता?

चावडीने संगणक सावरला

सातबाऱ्याची कथा याच सूत्राची दुसरी बाजू दाखवते. राज्यातील सुमारे अडीच कोटी सातबारा उतारे संगणकावर आणण्याचे काम खरोखरच प्रचंड होते. दिवसा सर्व्हर रखडतो म्हणून रात्री जागून नोंदी करणारे तलाठी गावोगावच्या लोकांनी पाहिले आहेत. घाईत चुका झाल्या. कोणाचे नाव गळले, कोणाच्या क्षेत्रातील गुंठे गळाले, कोणाच्या इतर हक्कांतला बोजा भलत्याच गटावर चढला. शेतकऱ्यासाठी सातबारा म्हणजे पूर्वजांचा घाम. त्यातले एक अक्षर हलले तरी कर्ज अडते, वाटणी अडते, भाऊबंदकी पेटते.

या चुका दुरुस्त कशा झाल्या? कोणत्याही विदेशी सल्लागाराने नव्हे, तर २०१७ मध्ये शासनाने हाती घेतलेल्या चावडी वाचनाने. संगणकातील उतारे छापून गावाच्या चावडीत मोठ्याने वाचले गेले आणि खातेदारांनी जागेवर हरकती नोंदविल्या. त्या पायावर १ मे २०१८ रोजी अंकीय स्वाक्षरीचा सातबारा राज्यात सुरू झाला. आज शेतकरी तलाठ्याच्या कचेरीत न जाता उतारा काढतो, आणि रात्री जागणारा तलाठीही आता जुन्या हस्तलिखिताकडे परत जा म्हणत नाही. उपयोग पटला, चूक दुरुस्त करण्याची वाट मिळाली, गावाला विश्वासात घेतले गेले. भय आपोआप ओसरले. ज्या ग्रामसंस्थांना आधुनिकतेच्या नावाखाली कालबाह्य ठरविले जाते, त्यांतल्याच एका संस्थेने आधुनिक यंत्राची लाज राखली, हे विसरता कामा नये.

विरोधही डोळस हवा

याचा अर्थ कर्मचाऱ्यांची प्रत्येक तक्रार शिरोधार्य मानावी असा नाही. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य आज कित्येक कचेऱ्यांत ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ या जुन्या वाक्याची जागा घेऊ पाहत आहे. नोंद पारदर्शक झाली की चिरीमिरी बंद होते, म्हणूनही काहींना यंत्र नकोसे होते. अशांची गय करू नये. परंतु त्यांना वेगळे काढायचे असेल तर आधी यंत्र निर्दोष केले पाहिजे. सदोष यंत्र हीच कामचुकाराची सर्वांत भक्कम ढाल असते.

कामगार चळवळीचा इतिहासही येथे डोळसपणे वाचावा लागेल. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ नये म्हणून कोलकात्यात तीव्र लढा झाला. बँकांत संगणकीकरणाचा मार्ग मोकळा करणारा व्यापक करार व्हायला १९९३ उजाडले. डाव्या संघटनांनी यंत्रालाच वर्गशत्रू ठरविले आणि बंगालने त्याची किंमत मोजली. भारतीय मजदूर संघानेही १९८० च्या दशकात सरसकट संगणकीकरणाला विरोध केला. परंतु दत्तोपंत ठेंगडी यांचा मूळ प्रश्न वेगळा होता : हे तंत्र या देशाच्या प्रकृतीला, येथील मनुष्यबळाला आणि गरजांना अनुरूप आहे काय? तो प्रश्न आजही जिवंत आहे. कामगारांची धास्ती अगदीच निराधार होती, असेही म्हणता येत नाही. २०००-०१ मधील स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून एक लाखाच्या आसपास कर्मचारी बाहेर पडले. मात्र जे उरले त्यांनी तेच संगणक आत्मसात केले आणि आज ग्राहकाला कोणत्याही शाखेतून व्यवहार करता येतो, तो त्यांच्याच कष्टांतून. कर्मचारी शिकत नाही हा आरोप इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

खोडदचा धडा

अनुरूप तंत्रज्ञान म्हणजे काय, हे पाहायला बोरीकरांना दूर जावे लागत नाही. याच तालुक्यात खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, विश्वाच्या गर्भातून येणारे क्षीण संकेत टिपणारी जागतिक कीर्तीची ही वेधशाळा. तिचे शिल्पकार डॉ. गोविंद स्वरूप यांनी विदेशी तबकड्यांची नक्कल केली नाही. ताणलेल्या दोरांच्या सांगाड्यावर पोलादी तारांची जाळी बसवून त्यांनी हलकी, वाऱ्याला वाट देणारी आणि खर्चात बसणारी रचना केली. त्याआधी उटीची दुर्बीण उभारताना त्यांनी डोंगराचा असा उतार निवडला की दुर्बिणीचा लांब अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाशी समांतर व्हावा. भूमीला यंत्राप्रमाणे वाकविण्याऐवजी त्यांनी यंत्र भूमीप्रमाणे घडविले. २००१ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेली खोडदची दुर्बीण जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात.

जे राष्ट्र आकाशगंगांचे वेध घेण्यासाठी इतक्या बुद्धीने यंत्र घडवू शकते, त्याला अंगणवाडीतील वजनकाट्याची नोंद सेविकेच्या भाषेत, सेविकेच्या सोयीने घेता येत नाही, हे कोण मान्य करील? येथे कमतरता बुद्धीची नाही. दुर्बीण शास्त्रज्ञ वापरणार होते म्हणून त्यांना विचारले गेले. ॲप सेविका वापरणार होती म्हणून तिला विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

करावयाचे काय?

मागण्या साध्या आहेत. गावपातळीवरील कोणतीही प्रणाली पहिल्या दिवसापासून मराठीत असावी. राज्यभर लागू करण्यापूर्वी ती डोंगरी, मैदानी आणि शहरी अशा निवडक गावांत सर्व ऋतूंत चालवून पाहावी. यंत्रात नोंद झाली की तीच नोंद वहीत करण्याची सक्ती त्याच दिवशी संपावी, कारण दुहेरी काम हा यंत्राच्या तिरस्काराचा सर्वांत मोठा कारखाना आहे. प्रशिक्षण तालुक्याच्या सभागृहात एका दुपारी उरकू नये, ते ज्या ताईला जमले आहे तिनेच शेजारच्या ताईला प्रत्यक्ष कामावर द्यावे आणि त्याबद्दल तिला मोबदला मिळावा. उपकरणाच्या दुरुस्तीचा एक रुपयाही कर्मचाऱ्याच्या खिशातून जाऊ नये. आणि यंत्र निर्दोष सिद्ध होईपर्यंत त्याच्या नावाने कोणाचे मानधन कापले जाऊ नये. शासन कोणत्या पक्षाचे आहे यावर या मागण्या अवलंबून नाहीत. शासन आपल्या विचारांचे असेल, तर त्या अधिक निःसंकोचपणे केल्या पाहिजेत.

समाजाच्या वाट्यालाही काही येते. हिंजवडीच्या कार्यालयात बसून सातासमुद्रापलीकडच्या बँकांच्या प्रणाली लिहिणारे मराठी अभियंते आज घरोघरी आहेत. तेथील कारकुनाला एक कळ जास्त दाबावी लागू नये म्हणून ते रात्री जागतात. त्यांच्याच आजोळच्या गावातील सेविका कोणत्या पडद्याशी झुंजते आहे, हे त्यांनी एकदा तिच्याशेजारी बसून पाहावे. गावातील कार्यकर्त्यांनी महिन्यातून दोन संध्याकाळी अंगणवाडीत, सोसायटीत जाऊन अडलेले सोडवून द्यावे आणि जे सुटत नाही ते लिहून तालुक्याला, जिल्ह्याला, मंत्रालयाला कळवावे. गावच्या कर्मचाऱ्यांची अडचण ही गावाचीच अडचण आहे.

त्याच वेळी अंगणवाडीत गेल्यावर एक गोष्ट आवर्जून करावी. फोन बाजूला ठेवून सेविकेला गावातील कोणत्याही मुलाविषयी विचारावे. त्याचे वजन, त्याच्या आईचे आजारपण, घरातील ओढगस्त, सारे ती न अडखळता सांगेल. एवढी माहिती ज्या माणसाजवळ आहे, त्याला यंत्राची भीती वाटते असे म्हणणाऱ्याने, आपण यंत्र कोणासाठी घडविले, याचे उत्तर आधी द्यावे.